दीड सेकंदाची झडप : गाडीतल्या स्क्रीनच्या चाचणीच्या नोंदी, सातारा

१२ जून २०२५

काम पक्कं झालं. पोवई नाक्याच्या अलीकडे गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं एक दुकान आहे. टुरिस्ट परमिटच्या गाड्यांना नऊ-दहा इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून देणं हा तिथला मुख्य धंदा. मालकांचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, चार तऱ्हेचे डिस्प्ले ठेवलेत. ड्रायव्हर लोकांना कुठला सोपा जातो तेवढं सांगा, मी तेवढाच माल भरीन." मी विचारलं, सोपा म्हणजे गाडी उभी असताना की पळत असताना? मी बिल वाढवायला बसलेय असं त्यांना वाटलं असावं.

स्वतःसाठी लिहून ठेवते. मोबाइल ॲपची चाचणी घेताना माणूस ॲपसमोर बसलेला असतो. इथे तो रस्त्यासमोर बसलेला आहे. स्क्रीन मधेच येते आणि मधेच सोडावी लागते. त्यामुळे 'किती सेकंदांत काम झालं' एवढं मोजून भागणार नाही.

१७ जून

स्टँडबाहेरच्या ड्रायव्हरांसोबत दुपार घालवली. मी नेलेली कामांची यादी अर्धी खोडली गेली. रेडिओचं स्टेशन लावणं वगैरे कुणी करत नाही, सगळं पेन ड्राइव्हवर. खरी कामं वेगळीच निघाली: पॅसेंजरचा फोन उचलणं, न उचललेल्या नंबरवर परत लावणं, पेन ड्राइव्हमधलं गाणं शोधणं, मॅपवर पत्ता टाकणं, एसीचा पंखा कमी-जास्त करणं आणि पावसात पुढच्या काचेवरची वाफ घालवणं. हे शेवटचं माझ्या यादीत नव्हतंच. जुलैत महाबळेश्वरला भाडं घेऊन जाणाऱ्याला विचारा, तो हेच पहिलं सांगेल.

मॅपबद्दल आप्पा (या स्टँडवरचे सगळ्यांत जुने) म्हणाले, "म्हाबळेश्वरला मॅप कशाला लागतोय, ताई? मॅप लागतोय पुण्यात. कार्यालयं लई झाल्यात." तरुण ड्रायव्हरांचं म्हणणं, कास-बामणोलीकडची नवी होमस्टे शोधायला लागतो, आणि लिंबची बारा मोटेची विहीर बघायला येणारे पॅसेंजर स्वतःच पत्ता काढून फोन पुढं करतात. मग ड्रायव्हरच्या हातात फोन येतो.

कायद्याचं इथेच नोंदवते, कारण प्रत्येकाने विचारलं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता बघण्यापुरतं वापरता येतं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून बोलणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनकडे एका वेळी किती सेकंद बघायचं याची नेमकी मर्यादा मात्र मला इथे कुठे सापडली नाही.

२१ जून

पद्धत ठरवली. रस्त्यावर कुणालाही 'आता हे करून दाखवा' असं सांगायचं नाही, हे पहिलं. चालत्या गाडीत मी फक्त मागे बसून बघणार. कामं करायला लावायची ती उभ्या गाडीत, आणि डोळ्यांवर झडप टाकून.

झडपेची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात जॉन सेंडर्स या संशोधकाने हेल्मेटला पुढचा पडदा बसवला. तो ठरावीक वेळाने खाली पडायचा, दिसायचं बंद व्हायचं, आणि तशा अवस्थेत त्यांनी बॉस्टनजवळच्या महामार्गावर खरोखर गाडी चालवली. मोजायचं हे होतं की रस्ता किती वेळ न बघता माणूस गाडी रेटू शकतो. या कामाला २०११ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. आज तीच युक्ती उलटी वापरतात: गाडी उभी, आणि झाकायची ती स्क्रीन. आयएसओ १६६७३ हे मानक याच पद्धतीचं. दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद बंद, पुन्हा दीड सेकंद दिसतं. रस्ता आणि स्क्रीन यांत नजर जशी ये-जा करते तशी.

मर्यादा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतून घेतेय. सक्तीच्या नाहीत, पण हिशोब नेमका आहे. एका वेळची नजर सरासरी २ सेकंदांच्या आत, त्याहून लांब नजरा १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि एका कामासाठी रस्त्यावरून हटलेली एकूण नजर १२ सेकंदांत आटपली पाहिजे. चोवीस जणांपैकी एकवीस जणांना हे जमलं तर काम पास. झडपेच्या चाचणीतही उघड्या नजरेची बेरीज १२ सेकंदच.

मालकांना २ सेकंद फार थोडे वाटले. त्यांना हिशोब करून दाखवला: ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, दोन सेकंदांत ४४. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतरताना जे एस वळण आहे, तिथे ४४ मीटर म्हणजे काय हे या दुकानात कुणाला समजवावं लागत नाही. व्हर्जिनिया टेकने शंभर गाड्यांत कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासाचा अहवाल २००६ चा. त्यातही रस्त्यावरून नजर २ सेकंदांपेक्षा जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट झालेला दिसला होता.

२६ जून

यासाठी तयार चष्मे मिळतात, द्रवस्फटिकाचे, क्षणात दुधाळ होणारे. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. नुसती स्क्रीन सॉफ्टवेअरने काळी करता आली असती, पण मग नॉब आणि बटणं दिसत राहतात आणि त्यांची चाचणी खोटी ठरते. नजरच झाकायला हवी.

भाच्याने क्रिकेटच्या टोपीच्या झापेला छोटी सर्व्हो मोटर लावली, मोटरीला पुठ्ठ्याची झडप, आणि आर्डुइनोवर (प्रोग्रॅम भरता येणारं छोटं सर्किट) दीड-दीड सेकंदांचं चक्र. पुठ्ठा घरातल्या कंदी पेढ्यांच्या बॉक्सचा. झडप पाडताना मोटर 'टर्र' करते, त्यामुळे झडप येतेय हे आधीच कळतं. म्हणून चाचणीत एसी मोठा ठेवायचा, आवाज दबतो. पहिल्यांदा टोपी घातल्यावर दुकानातला पोरगा म्हणाला, "ह्यात माणूस बैलासारखा दिसतोय, झापड लावलेल्या." दिसतो खरा.

२८ जून

ड्रायव्हर मिळत नाहीत. माउलींची पालखी जिल्ह्यात आहे, लोणंद-तरडगाव-फलटणकडे सगळ्यांना भाडी लागलीत. चाचणी पुढे.

३ जुलै

आज खऱ्या अर्थाने सुरुवात. प्रत्येकाकडून तेच काम आधी सलग बघून, मग झडप लावून. दोन आकडे काढायचे: झडप उघडी असतानाची बेरीज, आणि सलग बघून लागलेला वेळ. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की आर गुणोत्तर मिळतं. एक किंवा कमी आलं तर काम मधे सोडून पुन्हा पकडता येतं, झडप बंद असतानाही बोट थोडं पुढे जातं. एकच्या वर गेलं तर दर वेळी माणूस 'कुठे होतो मी' हे शोधण्यात वेळ घालवतोय.

या भागाकाराने माझे अंदाज उलटेपालटे केले.

मॅपवर पत्ता टाईप करणं हे सगळ्यांत वाईट निघणार असं मी धरून होते. एकूण वेळ वाईटच, १२ सेकंदांच्या कितीतरी पलीकडे. पण आर एकच्या आसपास. झडप पडली तरी टाईप केलेली अक्षरं जागच्या जागी राहतात, उघडल्यावर पुढचं अक्षर शोधायचं एवढंच. लांबलचक काम, पण सुटलेलं टोक हातात येतं.

गाणं शोधणं नेमकं उलटं. सलग बघून चुटकीसरशी होतं. झडप लावली की घोळ. बोटाने झटका दिला की यादी घरंगळत राहते; झडप खाली असताना ती पळतच असते आणि उघडते तेव्हा समोर तिसरीच गाणी. मग वर, मग खाली, मग परत वर. आर एकच्या बरंच वर. रस्त्यावर हेच होत असणार: माणूस यादी थांबेपर्यंत नजर काढत नाही, कारण काढली तर केलेलं वाया जातं. दोन सेकंदांची मर्यादा मोडते ती इथे, आणि यात ड्रायव्हरच्या बेफिकिरीचा काही संबंध नाही.

तिसरी गोष्ट एका नव्या गाडीत दिसली. तिच्यात एसी कंपनीनेच स्क्रीनमध्ये घातलाय. पंख्याची पट्टी उघडते आणि काही सेकंद हात लावला नाही की आपोआप मिटते. ज्याने हे केलं त्याला वाटलं असेल, स्क्रीन आवरलेली राहील. ड्रायव्हर रस्ता बघून परत येतो तर पट्टी गायब. काचेवर वाफ वाढत असताना हे तीन वेळा झालं की माणूस फडक्याने काच पुसायला लागतो. एका ड्रायव्हरने चाचणीतच फडकं काढलं.

दुकानातला सगळ्यांत खपणारा डिस्प्ले म्हणजे फिरत्या चक्राचा. चिन्हं गोल फिरतात, निळा उजेड पडतो, गिऱ्हाईक उभ्या-उभ्या पसंत करतं. झडपेखाली तोच सगळ्यांत मागे. कारण पुन्हा तेच: नजर नसताना त्यावरच्या वस्तू जागा बदलतात.

मालकांना अजून सांगितलेलं नाही.

९ जुलै

पाऊस. ओल्या बोटांनी टच नीट लागत नाही, थेंब पडला की स्क्रीन भलतंच उघडते. काच उघडून टोलवाल्याशी किंवा पार्किंगवाल्याशी बोललं की हात ओला होतोच. आनेवाडीच्या टोलनंतर गाडी पुन्हा वेग घेताना ड्रायव्हर बोट पँटला पुसतात, हे मागच्या सीटवरून दिसलं.

१४ जुलै

प्रश्नावलीचा दिवस. एसयूएस नावाची दहा वाक्यांची जुनी, साधी प्रश्नावली आहे. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली. एक वाक्य बाजूने, पुढचं विरुद्ध, असं आलटून-पालटून. शेवटी शंभरपैकी गुण, आणि ६८ ही साधारण सरासरी धरतात.

मराठीत वाक्यं करून वाचून दाखवली. "ही यंत्रणा वापरायला सोपी वाटली?" "व्हय." "ही यंत्रणा उगाच किचकट वाटली?" "व्हय, बरोबर हाय." दहाच्या दहा वाक्यांना मान डोलावली. गंमत म्हणजे सगळ्या वाक्यांना एकच उत्तर दिलं की गुणांचा हिशोब बरोबर ५० येतो, उत्तर कुठलंही असो. आमच्याकडे पन्नासांची रांग लागली. घरी आलेल्या बाईच्या तोंडावर तिच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हा इथला रिवाज. समोर ताई बसलेली, चहा ताईनेच पाजलेला, ती विचारतेय किचकट आहे का. कोण काय बोलणार?

प्रश्नावली बाजूला ठेवली. त्याऐवजी दोन-दोन डिस्प्ले समोर ठेवून विचारलं, "तुमच्या पोराला गाडी घेऊन दिली, तर यातला कुठला बसवाल?" मग तोंडं उघडली. बहुतेकांनी स्वतःसाठी फिरतं चक्र मागितलं आणि पोरासाठी मोठ्या स्थिर चौकोनांचा. का, असं विचारल्यावर एकजण म्हणाला, "त्याची नजर नाय बसली अजून रस्त्यावर." या एका वाक्यासाठी दहा वाक्यांची प्रश्नावली सोडून दिली याचं वाईट वाटत नाही.

२२ जुलै

आप्पांच्या गाडीत मागे बसून यवतेश्वरमार्गे कास आणि परत. धुकं, खड्डे, समोरून येणारी पर्यटकांची गाडी दिसेपर्यंत अंगावर. जुनी गाडी, एसीचे तीन गोल नॉब. वर चढताना काचेवर वाफ आली. आप्पांचा हात आपोआप खाली गेला, डावा नॉब फिरवला, मधला फिरवला, परत गिअरवर. नजर एकदाही हलली नाही. मी विचारलं, न बघता कसं कळतं? "काय कळायचंय त्यात? हाताला लागतंय की." पुढच्या वळणावर हॉर्न.

'वी बिलेगारे' या स्वीडनमधल्या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये हेच मोजलं होतं. अकरा नव्या गाड्या आणि तुलनेला २००५ ची, नुसत्या बटणांची व्होल्व्हो व्ही७०. ताशी ११० च्या वेगाने, विमानाच्या धावपट्टीवर, चार कामं. जुन्या व्होल्व्होत सगळं १० सेकंदांत झालं, तोवर गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यांत मागे राहिलेल्या नव्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि मदतीची हाक या गोष्टींना खरी बटणं असण्याचे गुण धरणार आहे. वाफ घालवणं त्यात नाही. सह्याद्रीत चाचणी झाली असती तर ते पहिलं आलं असतं.

परतताना पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे नाक्याखालच्या भुयारी रस्त्यात, शिरलो. खाली गेल्यावर मॅपवरचा बाण गोंधळला, वर आल्यावर दोन क्षणांनी भानावर आला. आप्पांनी बघितलंही नाही. त्यांच्या मागून येणारी बाहेरगावची गाडी मात्र बाहेर पडायच्या तोंडाशीच थांबली होती.

२ ऑगस्ट

रात्रीची पाहणी, आणि आजचा दिवस वायरींचा. अंधारात नऊ इंची पांढरा मॅप इतका डोळ्यांवर येतो की पलीकडे साइडपट्टीही दिसेना. स्टिरिओला रात्रीचा मंद रंग असतो, पण तो हेडलाइटबरोबर आपोआप येण्यासाठी इल्युमिनेशनची वायर जोडावी लागते. फिटरने ती टेप मारून मागे कोंबलेली. का? "कोण मागत नाय."

दुसरी वायर हँडब्रेकची. ती जोडली तर व्हिडिओ फक्त हँडब्रेक ओढलेला असताना चालतो. फिटर ती सरळ अर्थिंगला लावून टाकतात, म्हणजे गाडीला कायम ब्रेक ओढलेलाच वाटतो आणि व्हिडिओ कधीही चालतो. इथे मालक थोडे अवघडले. "गिऱ्हाईकच म्हणतंय व्हिडिओ चालू ठेवा." स्टँडवर चौकशी केली तर ड्रायव्हरांना व्हिडिओ हवा असतो तो भाड्याची वाट बघत तासन् तास बसल्यावर, मॅच बघायला. तेव्हा हँडब्रेक ओढलेलाच असतो. वायर नीट जोडली तरी त्यांचं काही जात नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: स्टिअरिंगवरची बटणं. बऱ्याच गाड्यांना ती कंपनीकडून आलेली असतात. नवा स्टिरिओ बसला की ती मुकी होतात, कारण वायरी जोडून एकेक बटण स्टिरिओला शिकवावं लागतं आणि त्यात फिटरचा वेळ जातो. भाच्याने एका गाडीत जोडून दिली. फोन उचलणं आणि गाणं बदलणं झडपेखाली इतकं सहज झालं की मोजण्यासारखं उरलंच नाही.

१८ ऑगस्ट

फोनवर बोलण्याचा डोक्यावर पडणारा भार. इथे नजर मोजून उपयोग नाही, ब्लूटूथवर बोलताना ती रस्त्यावरच असते. आयएसओ १७४८८ ची पद्धत घेतली: खांद्याजवळ मोबाइलमधली छोटी कंपनाची मोटर चिकटवायची, ती ३ ते ५ सेकंदांच्या अंतराने थरथरते, थरथरली की बोटाला बांधलेलं बटण दाबायचं. अडीच सेकंदांत दाबलं नाही तर हुकलं. समोर घाटाचा व्हिडिओ, गाडी उभी.

इकडच्या-तिकडच्या गप्पांत फारसा फरक दिसला नाही. पण पॅसेंजरला गाडी कुठे उभी आहे ते समजावताना ("मोती चौकातनं नाय हो, राजवाड्याच्या अंगाला") बटण उशिरा दाबलं जात होतं आणि मधली काही हुकतही होती. डोक्यात सातारा फिरवायचा आणि समोरचा घाटही बघायचा, दोन्ही एकदम होत नाही. डिस्प्ले कुठलाही बसवला तरी हे सुटणार नाही. मालकांच्या अहवालात एवढंच लिहिलं की फोन आला की 'पाच मिनिटांत फोन करतो' असा तयार मेसेज पाठवणारं एक मोठं बटण समोर ठेवा.

६ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत दुकानात बसून अहवाल दिला. कागद मालकांनी वाचला नाही, टोपी मात्र स्वतः घातली. फिरत्या चक्रावर त्यांना मॅप सापडेना. तिसऱ्या झडपेला म्हणाले, "हे बंद करा."

ठरलं ते असं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्टिरिओवर पाच मोठे स्थिर चौकोन, जागा कधी न बदलणारे. गाण्यांची घरंगळणारी यादी काढून एका वेळी एक पान, पुढे-मागे बटणांनी. पत्ता टाईप करायचं पान गाडी चालू असताना बंद, त्याऐवजी बोलून शोधायचं. इल्युमिनेशन आणि हँडब्रेकच्या वायरी प्रत्येक गाडीला, वेगळे पैसे न घेता. स्टिअरिंगच्या बटणांवर घासाघीस झाली. त्यांचं म्हणणं, फिटरचा अर्धा दिवस जातो. माझं म्हणणं, माल कुठला भरायचा हे तुम्ही विचारलं होतं. चारपैकी कुठलाही भरा, ही बटणं जोडली नाहीत तर चारही सारखेच. शेवटी टुरिस्ट परमिटच्या गाड्यांना निम्म्या मजुरीत जोडून द्यायचं कबूल झालं.

११ सप्टेंबर

हे ठरल्यानंतरची पहिली गाडी गेली. ड्रायव्हर तिशीचा, त्याला फिरतं चक्रच हवं होतं. मालकांनी काउंटरखालून टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. दोनदा भलतंच गाणं लागलं, तिसऱ्यांदा रेडिओ. "मस्त हाय टोपी," म्हणाला, आणि चक्रच लावून घेतलं. स्टिअरिंगची बटणं मात्र त्याने निम्मी मजुरी देऊन जोडून घेतली. जाताना चक्राला हात न लावता, अंगठ्याने गाणं बदललं.